धावपट्टीवर एका वेळी दोन विमाने: आवाजावर चालणारी सुरक्षा कितपत पुरते?

गिरणाकाठ (धागाकर्ता), जळगाव

जळगावहून गोवा, हैदराबाद, पुणे आणि मुंबईची विमाने सुटू लागल्यापासून आपल्याकडे विमानाविषयीचे बोलणे वाढले आहे. पण ते बहुतेक वेळा तिकिटाचा दर आणि रद्द झालेली फेरी यांच्यापुढे सरकत नाही. सुरक्षेचा विषय निघालाच, तर प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर आकाशातला अपघात येतो. हा धागा मी जमिनीवरच्या एका धोक्यासाठी काढला आहे. एकाच धावपट्टीवर एकाच वेळी दोन विमाने, किंवा एक विमान आणि एक गाडी येणे, हा तो धोका.

८ जून २०२४ रोजी मुंबईत काय घडले, त्याची चित्रफीत अनेकांनी मोबाइलवर पाहिली असेल. धावपट्टी क्रमांक २७ वरून एअर इंडियाचे तिरुवनंतपुरमला जाणारे विमान उड्डाणासाठी धावत होते आणि ते जमिनीवरून पुरते सुटण्याआधीच इंदूरहून आलेले इंडिगोचे विमान त्याच धावपट्टीवर मागे उतरले. दोन्ही कंपन्यांचे म्हणणे असे होते की, आमच्या वैमानिकाला टॉवरची, म्हणजे विमानतळाच्या नियंत्रण कक्षाची, परवानगी होती. दोघांचेही खरे असू शकते, आणि मला भीती वाटते ती नेमकी याच गोष्टीची. त्यानंतर संबंधित नियंत्रकाला कामावरून बाजूला ठेवून चौकशी सुरू झाली.

जगातला सर्वांत मोठा विमान अपघातही जमिनीवरच झाला, हे अनेकांना माहीत नसते. २७ मार्च १९७७ रोजी ग्रान कानारियाच्या विमानतळावर बॉम्बस्फोट झाल्यामुळे बरीच विमाने शेजारच्या तेनेरिफे बेटावरच्या लॉस रोदेओस या लहान विमानतळाकडे वळवण्यात आली. तिथे एवढी गर्दी झाली की टॅक्सीवेवर, म्हणजे धावपट्टीकडे नेणाऱ्या वाटेवरही, विमाने उभी राहिली, आणि पुढे निघणाऱ्या विमानांना धावपट्टीवरूनच उलट दिशेने टोकापर्यंत जावे लागले. त्यात धुके उतरले. केएलएमचे बोइंग ७४७ टोकाला जाऊन वळून उभे राहिले. त्याच्यामागून त्याच धावपट्टीवरून येणाऱ्या पॅन अॅमच्या ७४७ ला तिसऱ्या फाट्याला बाहेर पडायचे होते, पण ते त्या फाट्याच्या पुढे गेले. केएलएमला टॉवरने उड्डाणानंतर कोणत्या मार्गाने जायचे एवढेच सांगितले होते. उड्डाणाची परवानगी दिली नव्हती. मात्र त्या सूचनेत ‘टेक-ऑफ’ हा शब्द होता. पाठोपाठ टॉवरने केएलएमला थांबायला सांगितले, त्याच क्षणी पॅन अॅमने आपण अजून धावपट्टीवरच असल्याचे कळवले, आणि एकाच फ्रिक्वेन्सीवर दोन आवाज एकमेकांवर पडल्यामुळे केएलएमच्या कॉकपिटमध्ये शिट्टीसारखा कर्कश आवाज तेवढा पोहोचला. ते विमान अजून बाहेर पडलेले नाही का, असे फ्लाइट इंजिनिअरने विचारलेही होते. कॅप्टनने ठामपणे, पडले आहे, असे सांगितले आणि विमान धावतच राहिले. ५८३ माणसे गेली.

त्यानंतर ‘टेक-ऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरायचा, एरवी ‘डिपार्चर’ म्हणायचे, असा नियम झाला. नियम चांगलाच आहे. पण २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर तटरक्षक दलाचे डॅश-८ विमान धावपट्टीवर जाऊन सुमारे ४० सेकंद उभे राहिले आणि जपान एअरलाइन्सचे उतरणारे ए३५० त्याच्यावर आदळले, तेव्हा पुन्हा शब्दांचाच प्रश्न आला. नियंत्रकाने त्या लहान विमानाला, तुमचा क्रमांक पहिला, असे सांगून धावपट्टीच्या अलीकडच्या थांब्यापर्यंत यायला सांगितले होते. विमानातल्यांनी तो धावपट्टीवर जाण्याचा परवाना मानला. जपानच्या तपास मंडळाच्या अंतरिम अहवालाने तीन गोष्टी एकत्र मांडल्या: तटरक्षक विमानाचा गैरसमज झाला, तो नियंत्रकाच्या लक्षात आला नाही, आणि समोर उभे असलेले विमान उतरणाऱ्या वैमानिकांना दिसले नाही. नियंत्रकाच्या पडद्यावर धोक्याची खूण उमटत होती. ती कोणाच्या लक्षात आली नाही.

माझे म्हणणे असे की, धावपट्टीवर शिरण्याची परवानगी अजूनही एकाच्या तोंडून निघते आणि दुसऱ्याच्या कानावर पडते, आणि या दोघांपैकी एक चुकला तर विमान थांबवणारी, त्या दोघांवर अवलंबून नसलेली तिसरी व्यवस्था फार थोड्या विमानतळांवर आहे. या मंडळावर रेल्वेतले, विमान प्रशिक्षणातले आणि मुंबईत विमानतळावर नोकरी करणारे सदस्य आहेत. त्यांनी आपले अनुभव लिहावेत.

भुसावळ जंक्शन

गिरणाकाठ भाऊ, विषय चांगला काढला आहे. माझी सगळी नोकरी स्टेशन मास्तर म्हणून गेली, त्यामुळे विमानातले मला फारसे कळत नाही. पण एका जागेत दोन गाड्या येऊ द्यायच्या नाहीत हे काम आम्ही कसे करत होतो, ते सांगतो.

दुहेरी मार्गावर पुढच्या स्टेशनने लाईन क्लिअर, म्हणजे मार्ग मोकळा असल्याची संमती, दिल्याशिवाय माझा शेवटचा सिग्नल उतरत नाही. उतरत नाही म्हणजे नियमाने मनाई आहे एवढेच नव्हे. दोन स्टेशनांना जोडणारे ब्लॉक इन्स्ट्रुमेंट हे यंत्रच त्याला कुलूप घालते. मी कितीही घाईत असलो, कितीही झोपेत असलो, तरी बटण दाबून काही होत नाही. जिथे यंत्र बंद पडते आणि तोंडी काम करावे लागते, तिथे प्रायव्हेट नंबर असतो. समोरच्या मास्तराने फोनवर नुसते ‘हो’ म्हणून चालत नाही. त्याने आपल्या छापील तक्त्यातला पुढचा क्रमांक सांगायचा, मी तो परत म्हणून दाखवायचा आणि दोघांनी आपापल्या वहीत लिहायचा. गेटमनशीही तसेच. सवयीने तोंडातून ‘हो’ निघून जातो, पण तक्ता उघडून क्रमांक वाचायचा म्हटले की माणसाला जागे व्हावेच लागते.

आणखी एक लहानशी वस्तू सांगतो. स्टेशनात एखाद्या लाईनवर गाडी उभी असली की त्या लाईनच्या लिव्हरवर आम्ही कॉलर चढवत असू, पॅनल आल्यावर बटणावर टोपी. तिच्यात वीज नाही, तार नाही. हात बटणाकडे गेला की बोटाला ती आधी लागते आणि आठवते की इथे गाडी उभी आहे. टॉवरमध्ये असे काही असते का?

रेल्वेचे सगळे चांगले आणि विमानाचे वाईट असे मात्र मी म्हणणार नाही. २ जून २०२३ रोजी बालासोरला मेन लाईनचा सिग्नल हिरवा होता आणि पॉइंट (रूळ बदलणारा सांधा) लूप लाईनला, म्हणजे बाजूच्या रुळाला, लागलेला होता, कारण दुरुस्तीच्या कामात सिग्नलच्या सर्किटमध्ये चुकीचे बदल झाले होते. २९० हून अधिक माणसे त्यात गेली. कुलपावर विसंबणाऱ्याने कुलपाची तारही तपासली पाहिजे.

सातपुड्याचा वारा

नाना, टॉवरमध्ये अगदी तसेच असते. प्रत्येक विमानाची एक पट्टी असते आणि धावपट्टीवर गाडी किंवा कामगार गेले की नियंत्रक धावपट्टीच्या खान्यात ‘व्याप्त’ अशी वेगळ्या रंगाची पट्टी ठेवतो. आता बऱ्याच ठिकाणी कागदाची जागा पडद्याने घेतली आहे, तरी कल्पना तुमच्या कॉलरचीच आहे.

मी शिरपूरजवळ तांड्याच्या धावपट्टीवर उड्डाण शिकलो. कॉकपिटमधून हे सगळे कसे दिसते ते लिहितो, कारण बाहेरच्यांना वाटते की समोर मोठा लाल दिवा असेल. टॅक्सीवे धावपट्टीला मिळतो त्याच्या अलीकडे जमिनीवर चार पिवळ्या रेषा आडव्या काढलेल्या असतात, दोन अखंड आणि दोन तुटक. अखंड रेषा आपल्या बाजूला असतील तर परवानगीशिवाय चाक पुढे न्यायचे नाही. तुटक रेषा आपल्या बाजूला असतील तर आपण धावपट्टीवरून बाहेर पडत आहोत, आणि शेपटीसह पूर्ण विमान पलीकडे जाईपर्यंत थांबायचे नाही. बाजूला लाल पाटीवर पांढऱ्या आकड्यांत धावपट्टीचा क्रमांक असतो. लहान विमानतळावर दिवसा एवढेच असते. पावसाळ्यानंतर रेषा फिक्या पडलेल्या असतात, मे महिन्यात दुपारी डांबरावर मृगजळ नाचत असते आणि सेस्नाच्या नाकापलीकडे लांबचे नीट दिसत नाही.

तिथे थांबल्यावर आमचे प्रशिक्षक एकेक गोष्ट मोठ्याने बोलून घ्यायला लावत. डावीकडचा उतरण्याचा मार्ग मोकळा, उजवीकडचा मोकळा, परवानगी मिळाली, ती परत म्हटली, पाटीवरचा क्रमांक आणि परवानगीतला क्रमांक एक, स्ट्रोब दिवे लावले, मग चाक हलवले. धावपट्टीच्या मध्यरेषेवर उभे राहिल्यावर होकायंत्राची दिशा क्रमांकाशी जुळते का ते पुन्हा पाहायचे. टॉवरने परवानगी दिली असली तरी मान वळवून उतरण्याच्या मार्गाकडे पाहिल्याशिवाय पुढे जायचे नाही, यावर ते कधीच तडजोड करत नसत. एकदा मी म्हटले की, सर, टॉवरने तर पाहिले असेलच. त्यांनी थ्रॉटलवरचा माझा हात बाजूला केला, इंजिन मंद ठेवले आणि मी दोन्ही बाजू पाहून मोठ्याने सांगेपर्यंत विमान तिथेच उभे ठेवले.

रेडिओवर परवानगी परत म्हणण्याला आम्ही रीडबॅक म्हणतो. धावपट्टीवर शिरणे, ती ओलांडणे, तिच्या अलीकडे थांबणे, उतरणे आणि उडणे, या सूचना शब्दशः परत म्हणायच्याच असतात. नानांच्या प्रायव्हेट नंबरशी याचे नाते आहे, पण एक फरक मला नेहमी खटकतो. रीडबॅक म्हणजे ऐकलेलेच वाक्य परत म्हणणे, आणि ऐकण्याची अपेक्षा असलेले वाक्यही माणूस तितक्याच सहजपणे परत म्हणू शकतो. समोरच्या नियंत्रकाचे कान त्या वेळी दुसऱ्या विमानाकडे असले तर चुकीचे रीडबॅक तसेच निसटून जाते. क्रमांक वाचायला लावण्यासारखा अडथळा त्यात नाही.

पाचोरेकर

वाचून प्रश्न पडला. रस्त्याच्या चौकात सिग्नल आहे, रेल्वेला आहे, मग कोट्यवधी रुपयांच्या विमानतळावर धावपट्टीच्या तोंडाशी लाल दिवा लावायला काय अडचण आहे?

गिरणाकाठ

पाचोरेकर दादा, लाल दिवा आहे, पण सर्वत्र नाही, आणि जिथे आहे तिथेही तो नेहमी चालू नसतो. त्याला स्टॉप बार म्हणतात: थांब्याच्या रेषेवर जमिनीत बसवलेली लाल दिव्यांची आडवी ओळ, जी नियंत्रक परवानगी देताना बंद करतो. हानेदाच्या त्या ठिकाणी ही ओळ होती. पण अपघाताच्या वेळी दुरुस्तीमुळे ती बंद होती, आणि एरवीही ती धुक्यासारख्या कमी दृश्यमानतेतच लावण्याची तिथली पद्धत होती. त्या रात्री हवा स्वच्छ होती. माझ्या मते ही पद्धतच चुकीची आहे. गैरसमज व्हायला धुके लागत नाही, त्यामुळे जिथे स्टॉप बार बसवला आहे तिथे तो दिवसरात्र चालवला पाहिजे.

स्टॉप बारही शेवटी नियंत्रकाच्या बोटावर चालतो, म्हणजे नियंत्रकच चुकला तर तोही चुकतो. अमेरिकेतल्या काही मोठ्या विमानतळांवर त्यापुढची व्यवस्था आहे. जमिनीवरचा रडार आणि विमानांचे ट्रान्सपॉन्डर (विमानाची ओळख रेडिओने कळवणारी यंत्रे) यांच्या माहितीवरून धावपट्टीत बसवलेले लाल दिवे आपोआप लागतात, मग टॉवरमधला माणूस काहीही बोलत असो. नानांच्या कुलपाच्या सर्वांत जवळ जाणारी गोष्ट मला हीच वाटते. फरक एवढाच की दिवा विमानाला अडवू शकत नाही, वैमानिकाला सांगू शकतो.

रडार नसले की काय होते, याची दोन उदाहरणे पुरेशी आहेत. ८ ऑक्टोबर २००१ रोजी मिलानच्या लिनाते विमानतळावर दाट धुक्यात एक लहान सेस्ना जेट चुकीच्या टॅक्सीवेने धावपट्टीवर आले आणि उड्डाण करणाऱ्या एसएएसच्या एमडी-८७ ची त्याला धडक बसली. ११८ जण गेले, त्यांतले चौघे जमिनीवरचे होते. जुना जमिनीवरचा रडार काढला होता, नवा सुरू झाला नव्हता. सेस्नाच्या वैमानिकाने टॅक्सीवेवरची एक खूण पाहून आपली जागा कळवलीही होती, पण ती खूण नियंत्रकाजवळच्या नकाशात नव्हती, त्यामुळे ते विमान भलतीकडे आहे हे त्याला उमगलेच नाही. दुसरे उदाहरण ४ फेब्रुवारी २०२३ चे, अमेरिकेतल्या ऑस्टिनचे. धुक्यात उतरणारे फेडेक्सचे मालवाहू बोइंग ७६७ धावपट्टीजवळ आले असताना त्याच धावपट्टीवरून साउथवेस्टच्या ७३७ ला उड्डाणाची परवानगी देण्यात आली. फेडेक्सच्या सहवैमानिकाला धुक्यात पुढच्या विमानाची आकृती दिसली, त्यांनी विमान वर घेतले आणि साउथवेस्टला रेडिओवरून थांबायलाही सांगितले. दोन्ही विमानांत साठ मीटरांहूनही कमी अंतर उरले होते. ऑस्टिनलाही जमिनीवरचा रडार नव्हता.

नवापूर नाका

दोन विमानांचेच का बोलता? आमच्यापासून जवळचे मोठे शहर म्हणजे सुरत, आणि ६ नोव्हेंबर २०१४ रोजी तिथे स्पाइसजेटचे दिल्लीला निघालेले बोइंग ७३७ उड्डाणासाठी धावत असताना चक्क म्हशीला धडकले. माणसे वाचली, म्हैस गेली. त्या वेळी आमच्या गावात त्यावर विनोद झाले, पण त्या वेगाने म्हैस इंजिनात किंवा चाकांत सापडली तर काय होईल याचा विचार केल्यावर हसू येत नाही. कुंपणाला एक भगदाड असेल तर टॉवर, रडार आणि रीडबॅक या सगळ्यांचा काही उपयोग नाही. आपल्याकडच्या लहान विमानतळांच्या भिंतींच्या बाहेर काय चरते आहे, याची पाहणी कोणी करावी, हाही या धाग्याचा विषय आहे असे मला वाटते.

सातपुड्याचा वारा

नवापूरचे दादा, अगदी बरोबर, आणि गाड्यांचाही प्रश्न तेवढाच मोठा आहे. १५ फेब्रुवारी २०२० रोजी पुण्याहून दिल्लीला निघालेल्या एअर इंडियाच्या ए३२१ च्या वैमानिकांना उड्डाणासाठी धावताना, वेग १२० नॉट्सच्या आसपास, म्हणजे ताशी २२० किलोमीटर असताना, धावपट्टीवर एक जीप आणि एक माणूस दिसला. थांबायला जागा नव्हती, म्हणून त्यांनी विमान वेळेआधीच उचलले. शेपटीकडचा खालचा भाग जमिनीला घासला, पण विमान दिल्लीला सुखरूप उतरले. १८ नोव्हेंबर २०२२ रोजी पेरूची राजधानी लिमा इथे मात्र उड्डाण करणारे विमान धावपट्टीवर आलेल्या अग्निशमन गाडीवर आदळले आणि अग्निशमन दलाचे जवान गेले. त्यांचा त्या दिवशी सराव चालू होता.

चाळीसगाव ते अंधेरी

मी मुंबईत विमानतळावर ग्राउंड हँडलिंगमध्ये काम करतो. धावपट्टीविषयी तुम्ही लिहीत आहात, मी एप्रनविषयी, म्हणजे विमाने उभी राहतात त्या जागेविषयी, लिहितो, कारण धावपट्टीवर जे क्वचित घडते ते आमच्याकडे लहान प्रमाणात वारंवार घडायला बघते.

पुशबॅकचे उदाहरण घ्या. टग, म्हणजे आमची ओढगाडी, विमानाला मागे ढकलतो तेव्हा नाकाच्या चाकाच्या स्टिअरिंगमध्ये एक पिन घातलेली असते, म्हणजे कॉकपिटमधून चाक वळवले तरी टोबारला, म्हणजे टग आणि विमान जोडणाऱ्या दांड्याला, झटका बसत नाही. त्या पिनेला लांब लाल फीत असते. काम संपल्यावर हेडसेट लावलेला माणूस पिन काढतो, वायर सोडतो, इंजिनापासून दूर, कॅप्टनला दिसेल अशा जागी जाऊन उभा राहतो आणि लाल फीत धरून पिन वर दाखवतो. कॅप्टनने हात दाखवला की मगच त्याची जबाबदारी संपते. पाऊस कोसळत असो, पाठीमागे दुसरे विमान आवाज करत असो, कान बंद असतात आणि सगळा व्यवहार डोळ्यांनी होतो. भुसावळच्या नानांनी सांगितलेल्या कॉलरसारखी हीसुद्धा हातात धरता येणारी गोष्ट आहे. रेडिओवर ‘पिन काढली’ म्हणणे आणि काढलेली पिन कॅप्टनच्या डोळ्यांपुढे धरणे, यांतला फरक आम्हाला पहिल्या आठवड्यात शिकवतात.

हे का शिकवतात, तेही सांगतो. १६ डिसेंबर २०१५ रोजी मुंबईतच पुशबॅकच्या वेळी एअर इंडियाच्या विमानाच्या इंजिनाने एका तंत्रज्ञाला आत ओढले आणि तो जागीच गेला. इशारा समजण्यात घोळ झाल्याचे तेव्हा पुढे आले. मंद गतीने चालणाऱ्या इंजिनापुढचे काही मीटर आणि त्याच्या मागचे त्याहून कितीतरी जास्त अंतर ही आमच्यासाठी बंद खोली असते, आणि विमानाच्या पोटाखालचा आणि पाठीवरचा लाल दिवा लुकलुकत असेपर्यंत त्या खोलीत पाऊल टाकायचे नाही.

विमाने एकमेकांना घासण्याचे प्रकारही होतात. २७ मार्च २०२४ रोजी कोलकात्याला धावपट्टीच्या प्रवेशाजवळ थांबलेल्या एअर इंडिया एक्स्प्रेसच्या विमानाला इंडिगोच्या विमानाच्या पंखाचे टोक लागले. पंखाचे टोक कॉकपिटमधून नीट दिसत नाही, आणि कधी कधी दिसतच नाही. म्हणून अडचणीच्या जागी पंखाजवळ चालणारा माणूस असावा लागतो. नेमका हाच माणूस घाईच्या वेळी कमी केला जातो. फेरी उशिरा निघाली की जाब विचारतात, माणूस कमी होता म्हणून कोणी विचारत नाही.

अमळनेरकर

सगळे वाचले. माझे मत थोडे कडक आहे. शेकडो जिवांची जबाबदारी ज्याच्यावर आहे त्याने चूक केली तर त्याला कायमचे घरी बसवले पाहिजे. मुंबईतल्या नियंत्रकाला बाजूला ठेवले ते योग्यच झाले. भीती असल्याशिवाय शिस्त येत नाही, हा अनुभव प्रत्येक कचेरीत येतो.

भुसावळ जंक्शन

अमळनेरकर आप्पा, चौकशी होईपर्यंत माणसाला खुर्चीवरून उठवावे याला माझी हरकत नाही; आम्हीही उठवत असू. पण तेवढ्यावर विषय मिटला असे धरू नका. मी नोकरीत पाहिले ते असे की, ज्या साहेबाच्या काळात लहान चुकीलाही मोठी शिक्षा होई, त्याच्या काळात वहीत लहान चुकांची नोंदच सापडत नसे. चुका होत होत्या, लिहिल्या जात नव्हत्या, आणि त्यांतूनच मोठी चूक कशी वाढत आहे हे कोणाला दिसत नव्हते.

गिरणाकाठ

नानांच्या म्हणण्याला आधार देणारा एक अपघात आहे. १ फेब्रुवारी १९९१ रोजी रात्री लॉस एंजेलिसला नियंत्रकाने एका लहान प्रवासी विमानाला उड्डाणासाठी धावपट्टीवर उभे केले, त्याचा तिला विसर पडला आणि तिने त्याच धावपट्टीवर यूएसएअरच्या ७३७ ला उतरण्याची परवानगी दिली. लहान विमानाचे दिवे धावपट्टीच्या दिव्यांत मिसळून गेले होते. ३५ जण गेले. अमेरिकेच्या तपास मंडळाने केवळ तिच्यावर बोट ठेवले नाही. एका माणसाची चूक दुसऱ्याकडून पकडली जाईल अशी कार्यपद्धती त्या टॉवरच्या व्यवस्थापनाने लागू केली नव्हती, हे अपघाताच्या संभाव्य कारणातच लिहिले. हानेदाचा घटनाक्रम पाहा: रात्र, उभे असलेले लहान विमान, मागून उतरणारे मोठे विमान. मध्ये ३३ वर्षे गेली आहेत. १९९१ च्या नियंत्रकाला घरी बसवून २०२४ चा अपघात टळला असता, असे आप्पांनाही वाटत नसावे.

उलट दिल्लीचे उदाहरण पाहा. २३ ऑगस्ट २०२३ रोजी अहमदाबादहून आलेल्या विस्ताराच्या विमानाला एक धावपट्टी ओलांडायला सांगण्यात आले, आणि त्याच धावपट्टीवरून बागडोगऱ्याला जाणाऱ्या विस्ताराच्याच दुसऱ्या विमानाला उड्डाणाची परवानगी मिळाली. ओलांडणाऱ्या विमानाच्या महिला कॅप्टनने ते पाहून टॉवरला सांगितले आणि उड्डाण थांबवले गेले. आज्ञा मिळाली म्हणून मुकाट्याने पुढे जाण्याऐवजी मान वळवून पाहणारे कोणीतरी तिथे होते. सातपुड्याच्या वाऱ्याने लिहिलेली प्रशिक्षकांची सवय हीच.

तापी-पूर्णा

मी शिक्षिका आहे, विमानातले मला कळत नाही. पण हानेदाविषयी एक गोष्ट कोणी लिहिली नाही म्हणून लिहिते. त्या ए३५० मध्ये ३७९ माणसे होती आणि विमान जळून खाक झाले, तरी त्यातले सगळे जिवंत बाहेर आले. आठ दारांपैकी फक्त तीन दारे उघडली गेली, कारण बाकीच्यांबाहेर आग होती. घोषणेची यंत्रणा बंद पडल्यामुळे कर्मचारी भोंग्यावरून ओरडून सूचना देत होते. दार उघडण्याआधी त्यांनी खिडकीतून बाहेर पाहिले, आणि प्रवासी धूर दिसत असूनही त्यांचे ऐकत राहिले.

हे वाचताना मला २२ जानेवारी २०२५ आठवले. आपल्या पाचोरा तालुक्यात परधाडे स्टेशनाजवळ पुष्पक एक्स्प्रेसमध्ये आग लागल्याची अफवा पसरली, साखळी ओढली गेली, आणि लोक घाबरून शेजारच्या रुळांवर उतरले. त्याच रुळांवरून कर्नाटक एक्स्प्रेस आली. आग नव्हतीच. त्या प्रवाशांना दोष देण्याचा माझा अजिबात हेतू नाही. त्यांना कोणत्या बाजूने उतरायचे हे सांगायला डब्यात कोणीही नव्हते. विमानात दर दारामागे प्रशिक्षित माणूस बसवलेला असतो तो नाश्ता देण्यासाठी नाही, हे जळगावहून पहिल्यांदा विमानात बसणाऱ्या आपल्या लोकांना कोणी सांगते का? सुरक्षेची प्रात्यक्षिके चालू असताना सगळे फोनवर असतात.

पाचोरेकर

ताई, त्या दिवशी आमच्या गावातून लोक मदतीला धावले होते. तुम्ही लिहिलेत ते बरोबर आहे, त्यावर यापेक्षा जास्त लिहवत नाही.

मूळ विषयावर एकच प्रश्न. जळगावच्या एकाच धावपट्टीवर शिकाऊ विमाने आणि प्रवाशांची एटीआर (पंख्यांचे प्रवासी विमान) दोन्ही येतात. यात धोका किती?

सातपुड्याचा वारा

पाचोरेकर दादा, वैमानिक प्रशिक्षणासाठी विमानतळ प्राधिकरणाने निवडलेल्या पहिल्या पाच विमानतळांत जळगाव होते, त्यामुळे हे मिश्रण ठरवून आलेले आहे. शिकाऊ वैमानिक धावपट्टीभोवती फेऱ्या मारून पुन्हा पुन्हा उतरतो आणि लगेच उडतो. एटीआर त्याच्यापेक्षा खूप वेगाने सरळ येते. दोघांचा वेग जुळत नाही, म्हणून नियंत्रक शिकाऊ विमानाला बाजूला फिरत ठेवतो किंवा थांब्यावर उभे करतो, आणि एटीआर उतरून धावपट्टीबाहेर पडली की मग त्याला सोडतो. हे नीट चालते, कारण दिवसातल्या प्रवासी फेऱ्या थोड्या असतात. फेऱ्या वाढल्या की पहिला ताण एकट्या नियंत्रकाच्या स्मरणावर येईल, म्हणून स्टॉप बार आणि ‘व्याप्त’ पट्टीची शिस्त तेव्हा आणायची म्हणण्यापेक्षा आत्ता गर्दी नसतानाच आणावी असे मला वाटते.

शिकाऊ मुलांच्या बाबतीत एक गोष्ट मी पाहिली आहे. ज्याला इंग्रजी बोलण्याचा सराव कमी असतो तो रेडिओवर ‘पुन्हा सांगा’ म्हणायला लाजतो आणि समजले नसले तरी रीडबॅक देऊन मोकळा होतो. आपल्या भागातून आता मुले-मुली या शिक्षणाला जात आहेत. त्यांच्या पालकांनी गणित आणि भौतिकशास्त्राच्या शिकवणीइतकाच विचार यावरही करावा.

चाळीसगाव ते अंधेरी

यात भर घालतो: हेडसेटवरच्या आमच्या मुलांचेही तेच आहे. कॅप्टनला ‘परत सांगा, सर’ म्हणायला नवा मुलगा घाबरतो. आमच्या पाळीत आम्ही असे ठरवले आहे की, शंका असेल तर हात आडवे धरून टग थांबवायचा आणि नंतर विचारायचे. उशिराचा जाब ज्येष्ठाने द्यायचा, त्या मुलाने नाही.